वासराची हगवण: गोळीच्या आधी पाणी

वासरू पातळ हगायला लागलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठली गोळी देऊ?" मेडिकलवाला एखादी पट्टी काढून देतो, शेजारचे अण्णा मागच्या वेळची उरलेली बाटली आणून देतात, आणि संध्याकाळपर्यंत त्या एवढ्याशा पोटात तीन-चार औषधं गेलेली असतात. पाणी मात्र कुणी पाजलेलं नसतं. वर "दूध बंद ठेवा, म्हणजे हगवण आपोआप थांबेल" असा सल्लाही मिळतो. दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढायला गेलं की वासरू मान टाकून पडलेलं असतं, कान गार, डोळे खोल गेलेले. मग म्हणायचं, "रात्री तर बरं होतं."

रात्री ते बरं नव्हतं. त्याच्या अंगातलं पाणी संपत चाललं होतं आणि ते आपल्याला ओळखता आलं नाही. अंगावर पिणारी वासरं जगात सगळीकडे दगावतात, आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हगवणच आहे. जंतू हगवण लावतात हे खरं. पण बहुतेक वासरांचा जीव जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. हे एकदा नीट समजलं की डॉक्टर येईपर्यंतच्या वेळात आपण काय करायचं ते आपोआप कळतं.

आत काय होतं

नवजात वासराच्या वजनाचा पाऊण हिस्सा नुसतं पाणी असतं. वासरू 30 किलोचं असेल आणि हगवण जोराची असेल, तर एका दिवसात त्याच्या अंगातून 3 लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, म्हणजे वजनाचा दहावा भाग. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट हे क्षारही वाहून जातात. रक्त घट्ट होतं. हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी शरीर पायांकडचा आणि कानांकडचा रक्तपुरवठा कमी करतं, म्हणून कान आणि खूर गार लागतात.

दुसरा घोटाळा आम्लाचा. रक्तातली आंबटपणा मारण्याची ताकद बायकार्बोनेटमध्ये असते, आणि तेच शेणावाटे निघून जातं. त्यात न पचलेलं दूध मोठ्या आतड्यात आंबतं आणि तिथून लॅक्टिक आम्ल रक्तात उतरतं. अशा वासराचे पाय अडखळतात, ते झिंगल्यागत चालतं आणि चोखणं सोडून देतं. रक्त आंबट झालं की पेशींतलं पोटॅशियम रक्तात येतं, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. वासरू अचानक गेलं असं आपल्याला वाटतं, त्याच्या आदल्या बारा तासांत अंगात एवढं सगळं घडून गेलेलं असतं.

1971 साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तिथं डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. नातेवाईकच रोग्याला ते पाजायचे. छावणीतला मृत्यूदर 30 टक्क्यांच्या आसपास होता, तो 4 टक्क्यांच्या खाली आला. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. गोठ्यावरच्या लेखात हे मुद्दाम सांगतोय, कारण यामागचं शास्त्र माणसाला आणि वासराला सारखंच लागू पडतं. आतड्याच्या अस्तरात एक वाट अशी आहे, जिच्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. हगवण चालू असतानाही ही वाट बऱ्यापैकी उघडी राहते. नुसतं पाणी पाजलं तर त्यातलं बरंचसं तसंच खाली उतरतं. नुसतं मीठ घालूनही भागत नाही. मीठ आणि ग्लुकोज दोन्ही हवं.

गूळपाणी नको

आपला हा उसाचा मुलूख. कराड-वाळव्यापासून पलूसपर्यंत घरोघरी गूळ आणि साखर, त्यामुळे आजारी जनावराला गूळपाणी देण्याची सवय साहजिक आहे. मोठ्या जनावराचं ठीक आहे. पण दुधावरच्या वासराच्या आतड्यात उसाची साखर फोडणारं पाचकद्रव्य नसतं. ऊस, गूळ आणि साखर यांतली गोडी त्याला पचतच नाही. ती तशीच आतड्यात राहते, आणखी पाणी ओढते आणि हगवण वाढवते. डुकराच्या लहान पिल्लांचंही पहिल्या दिवसांत हेच असतं. म्हणून ग्लुकोजच वापरायचं. मेडिकलमध्ये साधी ग्लुकोज पावडर मिळते, ती चालते. फक्त डब्यावर साखर मिसळलेली नाही ना हे पाहून घ्या.

जनावरांसाठीची इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षारांची, पुडी मिळाली तर सगळ्यात चांगलं, कारण तिच्यात आम्ल मारणारा भाग जास्त असतो. ती नसेल तर माणसांच्या ओआरएसची पुडी, एका लिटरला एक या हिशेबानं. पहिल्या काही तासांत ती फार मोठं काम करते. तीही नसेल तर 1 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ 3.5 ग्रॅम, खाण्याचा सोडा 2.5 ग्रॅम आणि ग्लुकोज 20 ग्रॅम. चमच्यानं मोजायचं तर चहाचा पाऊण चमचा सपाट मीठ, अर्धा चमचा सोडा आणि पोह्याचे दोन सपाट चमचे ग्लुकोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या मिश्रणाचं हे घरगुती रूप आहे. मूळ मिश्रणात 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईडही असतं, ते घरात नसतं. सोडा खाण्याचा घ्या, धुण्याचा नाही. मिठाचा हात सैल सोडू नका. जास्त मीठ म्हणजे जास्त ताकद असं इथं नसतं, जास्त मिठानं वासराच्या मेंदूला इजा होते.

किती पाजायचं? 30 किलोच्या वासराचे डोळे थोडे खोल गेलेत आणि ते सुस्त आहे, तर त्याच्या अंगातून सुमारे अडीच लिटर पाणी गेलेलं असतं. ते भरून काढायचं, शिवाय चालू हगवणीतून जे जातंय तेही. म्हणजे दिवसाला 3 ते 4 लिटर, दोन-तीन वेळा विभागून, अंगाइतकं कोमट.

आणि दूध बंद करू नका. जुन्या काळी पशुवैद्यकातही दूध तोडण्याचा सल्ला दिला जायचा, आता तो मागे पडला आहे. पाण्यातल्या ग्लुकोजवर वासराचं पोट भरत नाही. उपाशी वासरू दोन दिवसांत हाडं होतं, आणि आतड्याचं अस्तर दुरुस्त व्हायलाही अन्न लागतंच. एका वेळचं दूध कमी करा आणि वेळा वाढवा. दुधात पाणी घालू नका. दूध आणि मीठ-ग्लुकोजचं पाणी एकत्र करू नका, दोहोंमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. दूध वासराच्या चौथ्या पोटात दह्यासारखं घट्ट व्हावं लागतं, तेव्हाच ते नीट पचतं. ओआरएसमधला सोडा किंवा सायट्रेट ते घट्ट होऊ देत नाही.

पाजण्याच्या पद्धतीनंही वासरं जातात, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण पाजणाऱ्याची माया खरी असते. डोकं वर धरायचं, जबड्यात बाटली किंवा बांबूचं नळकांडं घालायचं आणि ओतायचं. वासराला ठसका लागला, पाणी फुफ्फुसात गेलं, की तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. बोंडाची बाटली घ्या आणि वासराला स्वतः चोखू द्या. चोखताना त्याच्या पोटात एक पन्हळ मिटते आणि पातळ पदार्थ सरळ चौथ्या पोटात पोचतो. वासरू चोखतच नसेल, तर ओतायचं नाही. तिथं घरचं काम संपलं, डॉक्टर बोलवायचे. ते नळी घालून पाजतील किंवा शिरेतून सलाईन लावतील. आडव्या पडलेल्या वासराला बहुतेक वेळा सलाईनबरोबर बायकार्बोनेटही द्यावं लागतं, आणि किती द्यायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

ओळखायचं कसं? मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. निरोगी वासराची चिमटी दोन सेकंदांच्या आत बसते. ती तशीच उभी राहत असेल तर पाणी कमी झालंय. डोळा आणि खोबणीत फट दिसते का पाहा. तोंडात स्वच्छ बोट घाला: तोंड कोमट आणि ओलं आहे का, बोट चोखलं जातंय का. ताप शेपटीखाली थर्मामीटर लावून बघा, 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. 103 च्या वर गेला तर अंगात जंतू पसरल्याची शंका. 100 च्या खाली आला तर त्याहून वाईट, वासरू थंड पडत चाललंय. चोखत नाही, उठत नाही, तोंड गार, शेणात रक्त, किंवा वासरू तीन-चार दिवसांचंच आहे, यातलं एक जरी असलं तरी थांबू नका. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे. खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याच्या उत्तर भागातल्यांना तेही जवळ पडतं.

कितव्या दिवशी लागली?

डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला की बरेच जण "असंल आठवडाभराचं" म्हणून सोडून देतात. पण वासराचं नेमकं वय हा निदानाचा अर्धा भाग असतो, म्हणून व्याल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं का होईना लिहून ठेवा.

पहिल्या चार दिवसांत, अचानक, पिवळट पाण्यासारखी हगवण लागली तर संशय ई. कोलाय या जिवाणूच्या एका खास जातीवर जातो. हा जिवाणू आतड्याच्या अस्तराला बारीक तंतूंनी चिकटतो आणि विष सोडतो. त्या विषामुळे अस्तर उलटं वागायला लागतं, पाणी आत घेण्याऐवजी बाहेर टाकतं. अस्तर फाटलेलं नसतं, म्हणून मीठ-ग्लुकोजचं पाणी इथं झकास लागू पडतं. पण वेग इतका असतो की बारा ते चोवीस तासांत वासरू हातचं जातं. जसजसे दिवस जातात तसतशा त्या जिवाणूला चिकटायच्या जागा अस्तरावरून कमी होतात, म्हणून आठवड्यानंतर या जातीची भीती सहसा राहत नाही.

पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र रोटा आणि कोरोना हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी यांचं राज्य असतं. (हा कोरोना जनावरांचा, 2020 च्या साथीतला नव्हे.) लहान आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलासारखं असतं, असंख्य बारीक उभ्या धाग्यांचं, आणि पचन त्या धाग्यांच्या शेंड्यांवर होतं. विषाणू नेमके ते शेंडेच खातात. मग दुधातली साखर पचत नाही, ती पुढं जाऊन पाणी ओढते आणि आंबते. नवे शेंडे तळापासून उगवून यायला चार दिवस ते आठवडा लागतो. तेवढे दिवस वासराला पाण्यावर, क्षारांवर आणि थोड्या-थोड्या दुधावर तगवायचं, उपचार तो एवढाच.

या दोन विषाणूंवर आणि क्रिप्टोवर नेहमीच्या प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. आपल्याकडे "स्ट्राँग अँटिबायोटिक द्या" हा आग्रह मालकाचा असतो, आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं तर तो दुसऱ्याला बोलावतो. ताप आहे, शेणात रक्त आहे, वासरू मलूल पडलंय, तेव्हा प्रतिजैविक हवंच, कारण अशा वेळी जिवाणू रक्तात शिरलेले असू शकतात. उभं असलेल्या, चोखणाऱ्या, ताप नसलेल्या वासराला ते दिलं तर पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि उरतात ते औषधाला न जुमानणारे. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीत राखून ठेवलेलं औषध. दुभत्या आणि मांसासाठीच्या जनावरांना ते द्यायला केंद्र सरकारनं 2019 साली बंदी घातली, ती याच काळजीनं. माणसांची संडास बंद करणारी गोळीही नको. आतड्याची हालचाल थांबली की विष आणि जंतू आतच कोंडून राहतात.

तीन आठवड्यांनंतर शेणात रक्त, आव, आणि वासरू शेपूट वर करून कुंथतंय असं दिसलं तर कॉक्सिडिया, हाही एकपेशीय परजीवी. त्याचं औषध वेगळं. दोन ते सहा आठवड्यांच्या वासरात जोराचा ताप आणि सडका वास असलेली रक्ताची हगवण असेल तर साल्मोनेला हा जिवाणू मनात धरावा लागतो, आणि तो माणसांनाही लागतो.

रेडकांची गोष्ट निराळी. म्हशीच्या अंगात टोक्सोकारा नावाच्या जंताच्या अळ्या झोपून असतात. म्हैस विण्याच्या सुमारास त्या जाग्या होतात, कासेत उतरतात आणि दुधातून रेडकाच्या पोटात जातात. गोठा कितीही स्वच्छ असला तरी हे घडतं. रेडकू मातकट रंगाचं, घाण वासाचं पातळ हगतं, पोट नगाऱ्यागत फुगतं, केस राठ होतात. जंत इतके वाढतात की आतडंच तुंबतं. उपाय साधा आणि स्वस्त आहे: रेडकू दहा ते पंधरा दिवसांचं असतानाच डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत जंताचं औषध. इतकं सोपं असूनही रेडकं जंतांनी मरतात, कारण "एवढ्या लहान जनावराला जंताचं औषध कशाला" असं वाटतं.

चीक: पहिले सहा तास

हगवणीची अर्धी लढाई ती लागायच्या आधीच ठरलेली असते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच नाळेतून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. गाय, म्हैस आणि डुक्कर यांची वार अशी जाड असते की त्यातून ही द्रव्यं पार होत नाहीत. वासरू जन्मतं ते रोगाशी लढायचं काहीही बरोबर न घेता. ती शिदोरी चिकात, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधात असते. आणि चिकातली ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेण्यासाठी वासराच्या आतड्याची दारं फक्त पहिले काही तास उघडी असतात. सहा तासांनंतर ती मिटायला लागतात, चोवीस तासांनी बंद. नंतर कितीही चीक पाजला तरी तो पोटात जाईल, रक्तात नाही.

म्हणून "वार पडल्याशिवाय पाजायचं नाही" ही समजूत इतकी महागात पडते. वार पडायला आठ-दहा तासही लागू शकतात, तोवर निम्मा वेळ निघून गेलेला असतो. खरं तर वासरानं चोखलं की गाईच्या अंगात जो संप्रेरक सुटतो, त्यानं गर्भाशय आकसतं आणि वार पडायला मदतच होते. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत जमेल तितका, आणि पहिल्या सहा तासांत मिळून 30 किलोच्या वासराला सुमारे 3 लिटर चीक गेला पाहिजे. त्याआधी कास आणि सड धुऊन घ्या, कारण त्या उघड्या दारांतून शेणातले जंतूही तितक्याच सहज आत जातात. "ते पिलं असंल" असं धरून चालू नका. बाटलीनं पाजलं तरच किती गेलं ते कळतं.

खरवसाबद्दलही बोललं पाहिजे. शेजारीपाजारी चीक वाटणं ही आपली चांगली रीत आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. फक्त पहिली धार वासराची. संकरित गाय वासराच्या गरजेपेक्षा बराच जास्त चीक देते. वासराचं झालं की उरलेल्याचा आणि पुढच्या धारांचा खरवस करा. पहिल्या धारेचा आणखी उरला तर लिटरच्या स्वच्छ बाटलीत भरून डीप फ्रीजरमध्ये टाका, वर्षभर टिकतो. एखादी गाय विताना मेली किंवा तिला चीकच नसला तर ती बाटली सोन्याच्या मोलाची. ती कोमट पाण्यात ठेवून वितळवा, गॅसवर नाही. चीक तापला की त्यातली प्रथिनं शिजून गोठतात, आणि रोगाशी लढणारी द्रव्यं ही प्रथिनंच असतात.

चीक चांगला की पातळ हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या द्राक्षपट्ट्यात याचं यंत्र बागेच्या शेडमध्ये पडलेलंच असतं. द्राक्षाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. त्यावर चिकाचा एक थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे यंत्रावरचा आकडा, बघा. 22 किंवा त्याहून जास्त आला तर चीक उत्तम. त्याखाली आला तर जास्त पाजा, किंवा साठवलेल्या चांगल्या चिकाची भर घाला. नंतर काच पुसून यंत्र परत बागेत.

बाजारातून शेवटच्या महिन्यात आणलेल्या गाभण गाईबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. चीक विण्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत तयार होतो, आणि गाय ज्या गोठ्यात होती तिथल्या जंतूंविरुद्धची द्रव्यं त्यात असतात. आठवडाभर आधी आणलेल्या गाईच्या चिकाला तुमच्या गोठ्यातले जंतू ओळखीचे नसतात. आणायचीच असेल तर महिनाभर आधी आणा.

आणि खोंडांचं, रेड्यांचं काय? एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी दुधाळ जातीच्या) खोंडाला बाजारात किंमत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला चीक येतो तो उरलासुरला. हे मला पटत नाही, आधी त्या मुक्या जिवासाठी. पण नुसत्या व्यवहारानं बघितलं तरी चीक न मिळालेलं खोंड आधी हगतं. त्याच्या एका वेळच्या शेणात कोट्यवधी जंतू असतात, आणि शेजारी बांधलेल्या, उद्या दूध देणाऱ्या कालवडीला ते तिथूनच लागतात.

गोठा

कोरडी जमीन, एवढंच म्हणेन. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात जून ते सप्टेंबर गोठ्याची जमीन सुकत नाही, आणि ओल असली की जंतू आठवडेच्या आठवडे जगतात. उसाचं कोरडं पाचट जाड अंथरा, ते ओलं झालं की काढून टाका, वासरांना गाईंपासून वेगळं आणि उंचवट्यावर ठेवा. माण, खटाव, आटपाडी, जतला ओल नाही, पण दुष्काळाच्या वर्षी चारा छावण्यांत शेकडो जनावरं दाटीनं उभी राहतात आणि गाई तिथंच वितात. महापुरात नदीकाठच्या गावांचंही तेच होतं. अशा वेळी आठवडाभराच्या वासराला निदान एक कोपरा स्वतंत्र द्या, आणि त्याची बाटली दुसऱ्याला लावू नका. पाजताना आधी सगळ्यात लहान निरोगी वासरू, मग मोठी, शेवटी आजारी. बरं झालेलं वासरूही काही दिवस जंतू टाकत राहतं. क्रिप्टोला फिनेल, ब्लीचिंग पावडर काही करत नाहीत. कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी त्याला मारतं.

डुकराची पिल्लं

वराहपालन आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत गाई-म्हशींइतकं नाही, पण लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरं ठेवणारे तरुण भेटतात, आणि त्यांना माहिती सहज मिळत नाही.

चिकाचं गणित तेच, फक्त इथं आठ-दहा भावंडांत वाटणी असते. एका पिल्लाला पहिल्या दिवसात साधारण पाव लिटर चीक हवा. पुढच्या सडांना दूध जास्त असतं, ते दांडगी पिल्लं बळकावतात आणि बारकी मागं राहतात. दांडगी पिल्लं पोटभर प्याली की त्यांना तास-दीड तास टोपलीत ठेवून बारक्यांना आईजवळ सोडायचं.

दुसरं, ऊब. पिल्लाच्या अंगात उष्णता तयार करणारी खास चरबी नसते. पहिल्या दिवसांत त्याला 32 ते 34 अंश सेल्सियस लागतं, तर त्याच्या आईला 20 अंशांच्या आसपास बरं वाटतं. म्हणून सगळी खोली तापवू नका, एका कोपऱ्यात दिवा लावा. पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करत असतील तर थंडी आहे, दिव्यापासून लांब पसरून झोपली तर उकडतंय. गारठलेलं पिल्लू पीत नाही, आणि न पिणारं पिल्लू हगवणीला बळी पडतं.

पहिल्या तीन दिवसांत रक्ताळ हगवण लागून पिल्लं पटापट मेली तर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू. एकदा लागल्यावर त्यात फारसं काही हाती राहत नाही, पुढच्या विताच्या आधी मादीच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. सात ते चौदा दिवसांच्या पिल्लांना पिवळट, दह्यासारखी हगवण लागली आणि प्रतिजैविकानं उतार पडत नसेल तर कॉक्सिडिया समजा, त्याचं औषध आधीच तिसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यायचं असतं. दूध तोडल्यावर पुन्हा ई. कोलाय, म्हणून नवा खुराक हळूहळू वाढवा. मीठ-ग्लुकोजचं पाणी उथळ ताटलीत कोपऱ्यात ठेवलं की पिल्लं स्वतःहून पितात. ते दिवसातून दोन-तीनदा बदला. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन विसरू नका, पिल्लाला रोज 7 मिलिग्रॅम लोह लागतं आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम 1. फिकट, रक्त कमी असलेलं पिल्लू कुठल्याच हगवणीशी झुंजू शकत नाही.

हॉटेलचं उष्टं घालत असाल तर ते उकळल्याशिवाय घालू नका. आणि मोठी जनावरंही तापानं आडवी व्हायला लागली, कातडी लालसर-निळसर दिसली, तर ती साधी हगवण नव्हे. डुकरांच्या तापाची शंका धरून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा, आणि तोवर एकही जनावर विकू किंवा हलवू नका.

घरातली लेकरं

आजारी वासराजवळ बसून त्याला गोंजारायला मुलांना आवडतं, आणि बाटलीही बऱ्याचदा तीच धरतात. क्रिप्टो आणि साल्मोनेला हे दोन्ही माणसाला लागतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बाईला जास्त त्रास देतात. तेवढे दिवस मुलांना वासरापासून लांब ठेवा. ज्यानं पाजलं त्यानं कोपरापर्यंत साबणानं हात धुवावेत, सॅनिटायझर क्रिप्टोवर चालत नाही. गोठ्यातली चप्पल गोठ्यातच राहू द्या. वासराची बाटली स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका, आणि हगवण लागलेल्या वासराच्या गाईचं दूध घरात न उकळता कुणालाही देऊ नका.